नऊ नंबरचं कार्ड

चुका काढण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकते, कारण नणंद भावजयीबद्दल बोलायला लागली की ऐकणारे लगेच कान टवकारतात. कापड रंगवायच्या कारखान्यात, तळमजल्यावर, माझं तपासणीचं टेबल आहे. काचेचं, उतरतं, खालून दिवा लावलेलं. वरून कापड सरकत येतं, मी उभ्यानं बघत राहते आणि गाठ, तुटका धागा, डाग, फिकट पट्टा असं काही दिसलं की मशीन थांबवून काठाला लाल दोरा बांधते. एकतीस वर्षं हेच करतेय. घरी आल्यावरही हिचा डोळा थांबत नाही, असं माझा भाऊ म्हणतो. त्याच्या शर्टाला मी आजवर एकदाही लाल दोरा बांधलेला नाही, एवढं माझ्या बाजूनं लक्षात ठेवा.

माझी भावजय त्याच कारखान्यात, वरच्या मजल्यावर, शेडच्या, म्हणजे रंगछटांच्या, खोलीत असते. गिऱ्हाईक एक चिंधी पाठवतं आणि म्हणतं, अगदी हाच रंग पाहिजे, चार हजार मीटर. त्या चिंधीचा रंग जसाच्या तसा साधायला कुठले तीन रंग किती थेंब घालायचे, हे ठरवणं तिचं काम. आता त्यासाठी एक मशीन आलंय, ते आकडे सांगतं. ती मशीनचं शांतपणे ऐकून घेते आणि मग स्वतःच्या डोळ्यानं ठरवते. अंगात कायम राखाडी कोट, कारण रंगीत कपड्याची झाक नमुन्यावर पडते म्हणे. कारखान्यात तिला सगळे शेडबाई म्हणतात. लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं, की वन्सं, तुमच्या काळ्या मोज्यांमधला एक मोजा निळा आहे. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. मग एकदा कुणी बघत नाहीसं पाहून मोजे खिडकीपाशी नेले. निळाच होता.

तिच्या पोटरीवर लहानपणापासूनचा एक तीळ होता. गेल्या वर्षी एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता ती थांबली आणि म्हणाली, याच्यात आता तीन शेड आहेत. आधी एकच होती. माझा भाऊ, जो कारखान्याचा मालाचा ट्रक चालवतो आणि ज्याला लाल आणि केशरी यातला फरक सिग्नलपुरताच कळतो, तो म्हणाला, तीळ आहे तो, काळा असायचाच. मीही म्हणाले, उगाच काहीतरी. ती एकटीच दवाखान्यात गेली.

तीळ काढून तपासला, तर कातडीचा कॅन्सर निघाला, तोही त्यातला दांडगा प्रकार. डॉक्टर म्हणाले, लोक हे दाखवायला वर्षभर उशीर करतात, तुम्ही फार लवकर आलात. मग मोठं ऑपरेशन झालं. पोटरीचा तळहाताएवढा भाग काढला, मांडीची कातडी घेऊन तिथं लावली, जांघेतली एक गाठ तपासली, ती स्वच्छ निघाली. पट्टी पहिल्यांदा सोडली तेव्हा माझा भाऊ भिंतीला धरून खाली बसला आणि नर्सला त्याच्याकडे धावावं लागलं. भावजयीनं मात्र मान वाकवून ते ठिगळ नीट पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं, की जुळलेलं नाही, लॉट वेगळा आहे. डॉक्टर इतके हसले की बाजूच्या खाटेवरची बाई घाबरून उठून बसली.

अशी ही बाई. ऑपरेशनला जाताना ती डगमगली नाही, आणि दीड महिन्यानं जिना चढून कामावर हजर झाली तेव्हा सगळ्या खात्यानं टाळ्या वाजवल्या. सगळं निघालं, दर तीन महिन्यांनी दाखवून जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्या भावाच्या लेखी विषय संपला होता.

खरी गोष्ट तिथून पुढे सुरू झाली. आजार गेला आणि भीती राहायला आली. तिचा डोळा एवढा चांगला, की त्यानंच तिला वाचवलं होतं, आणि आता तोच डोळा तिला सोडेना. आंघोळीला गेली की अर्धा अर्धा तास बाहेर येत नसे. बोलता बोलता मधेच बाही वर करून दंड बघायची. पाठ तिला दिसत नव्हती, म्हणून तिनं आधी नवऱ्याला विचारलं. तो डोळे मिटून, अगं काही नाही, असं म्हणायचा. प्रेमानंच म्हणायचा, पण डोळे मिटून. तेव्हा एका सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, वन्सं, तुम्ही बघा. तुम्ही खोटं बोलत नाही.

मला बरं वाटलं, हे कबूल करते. आमच्या घरात माझ्या या गुणाचं कौतुक आजवर कुणी केलेलं नव्हतं.

पण बघायचं म्हणजे नुसतं बघायचं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत वर शेडच्या खोलीत बसून तिनं काय केलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. तिच्या अंगावर एकवीस तीळ. त्या प्रत्येकाच्या रंगाचा सुती कापडाचा एकेक तुकडा तिनं रंगवून घेतला होता. आरशात बघून, माझ्या भावाकडून फोटो काढून घेऊन, पुन्हा पुन्हा रंगवून, तंतोतंत. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पांढऱ्या कार्डावर ठेवलेला, वरची कड कागदी पट्टीखाली दाबून चिकटवलेली, खाली नंबर आणि तारीख. एकवीस कार्डं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. मी काय करायचं, तर सकाळी साडेसहाला, न्हाणीघराच्या खिडकीत ऊन यायच्या आधीच्या सपाट उजेडात, एकेक कार्ड तिच्या तिळाशेजारी धरायचं आणि रंग जुळतो का ते सांगायचं. तीळ गडद झाला, फिकट झाला, कडेला वेगळा दिसला, तर सांगायचं.

पहिल्या दिवशी मी ते तुकडे बघतच राहिले. एकवीस तपकिरी, आणि एकासारखा दुसरा नाही. चहासारखा, गंजासारखा, लाकडासारखा, एक तर जवळजवळ जांभळा. माणूस भीतीनं हातपाय गाळतं, ओरडतं, देवाला वेठीला धरतं. हिनं बसून नमुने तयार केले. मनातून मी तिला नमस्कार केला.

पहिले दोन महिने मी डोळ्यात तेल घालून बघितलं. ती खिडकीकडे पाठ करून स्टुलावर बसायची, टॉवेल पुढे धरून. मी वाकून कार्ड धरायचे आणि म्हणायचे, एक, जुळतो. दोन, जुळतो. प्रत्येक वेळी तिचे खांदे किंचित खाली यायचे. एकवीस होईपर्यंत ती सरळ बसलेली बाई सैल झालेली असायची, आणि मग उठून चहा टाकायची, नवऱ्याला हाका मारायची आणि गाणं गुणगुणायची. म्हणजे तिचा दिवस माझ्या तोंडच्या त्या एका शब्दावर चालत होता.

आधी हे आठवड्यातून एकदा ठरलं होतं. मग दोनदा झालं, मग रोज. त्यातच कारखान्यात मोठी ऑर्डर आली. आठ तास कापड बघून माझ्या डोळ्यांची आग व्हायची, पाय सुजायचे, आणि सकाळी उठल्या उठल्या पुन्हा एकवीस तपकिरी. एके दिवशी अकरा नंबरवर माझं लक्षच नव्हतं. तरी मी म्हणाले, जुळतो. काही आकाश कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी चार वेळा तसं झालं. मग माझी भीड चेपली. डब्यातली सगळी कार्डं काढायचा कंटाळा येऊन मी वरचं एकच कार्ड हातात घ्यायला लागले, तिच्या पाठीमागे उभी राहून खिडकीबाहेर बघत एकवीसपर्यंत आकडे मोजायचे, प्रत्येकाला जुळतो म्हणायचे आणि ते कार्ड खिडकीच्या फळीवर टाकून चहाला जायचे. सहा मिनिटांत काम संपायचं.

एकतीस वर्षांत न बघता कापडाचा एक तागा मी पुढे सरकू दिलेला नाही. आणि घरच्या माणसाची पाठ तीन आठवडे न बघता पास केली. माझ्या मनाला मी समजावत होते, की तिला काही झालेलं नाहीच, तिला फक्त शब्द हवाय, तो मी देतेय. असल्या समजुतीत चूक कुठं असते, हे मला कापडावर लगेच दिसतं.

मग एक मंगळवार आला. मला पहाटेच्या पाळीला जायचं होतं म्हणून त्या दिवशी बघणं झालं नाही. बुधवारी मी डबा काढायला गेले, तर ती म्हणाली, राहू द्या वन्सं, आता नको रोज रोज. गुरुवारीही तेच. मला सुटल्यासारखं वाटलं. भाऊ तर म्हणाला, बघ, बरी झाली, मी सांगत नव्हतो का.

पण शनिवारी ती त्याला कपडे धुवायचं मशीन शिकवत होती. कुठलं बटण आधी, पांढरे कपडे वेगळे का, साबण किती. त्यानं दोन वेळा चुकवलं आणि तिनं दोन्ही वेळा न चिडता पुन्हा सांगितलं. बावीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला त्या मशीनला हात लावू दिलेला नव्हता. रविवारी कपाटाच्या प्रत्येक खणावर चिठ्ठी चिकटलेली दिसली, विजेची बिलं इथं, चाव्या इथं. त्या सगळ्या चिठ्ठ्या मी वाचल्या आणि विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर मलाही काहीतरी सांगावं लागलं असतं.

सोमवारी आमचे रंगखात्याचे मास्तर माझ्या टेबलापाशी आले. घसा खाकरून म्हणाले, तुमच्या भावजयीनं एकच राखाडी लॉट तीनदा परत पाठवलाय. मशीन म्हणतंय बरोबर आहे, मलाही बरोबर दिसतोय, पण शेडबाईंना सगळंच गडद दिसतंय. एकदा डोळे तपासून घ्यायला सांगा. आणि जाता जाता म्हणाले, असंच चाललं तर मला तिथं दुसरं कुणीतरी बसवावं लागेल. ते बिचारे हे सांगताना माझ्याकडे बघतही नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत मी वर गेले. शेडच्या खोलीत ती एकटीच होती. काचेच्या नळ्या धुऊन उलट्या घातलेल्या, आतून राखाडी रंगवलेली, रंग ताडून बघायची दिव्याची पेटी बंद, आणि ती स्टुलावर हात मांडीत घेऊन बसलेली. डबा उघडलेला नव्हता. मी दार लोटलं आणि मास्तरांचा निरोप न सांगताच विचारलं, की काय झालंय.

तिनं सरळ सांगितलं. मंगळवारी मी नव्हते म्हणून तिनं स्वतःच बघायचं ठरवलं. पाठीचे तीळ काही हाताला येत नाहीत, पण नऊ नंबरचा डाव्या बरगडीच्या मागच्या अंगाला आहे, मान वळवून हातआरशात दिसतो. नऊचं कार्ड समोरच होतं. ते तिनं शेजारी धरलं. तीळ कार्डापेक्षा गडद होता, थोडाथोडका नाही, सरळ सरळ दोन शेड. तिनं तीनदा बघितलं. पुढच्या तपासणीला तेव्हा बारा दिवस होते. डॉक्टर काय सांगणार ते तिला कळलंच होतं, मग घरातल्यांचे ते बारा दिवस तरी कशाला नासवायचे, म्हणून ती गप्प राहिली. मशीन शिकवून झालं होतं. आता गाडीच्या विम्याचे कागद तेवढे दाखवायचे राहिले होते.

हे सगळं ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. आणि मला ओरडावंसं वाटत होतं, कारण एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर फक्त माझ्याकडे असायला हवं होतं, की नऊ नंबर कधी बदलला. रोज बघणारी मी होते. त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी तो कसा होता, त्याच्या आदल्या आठवड्यात कसा होता, हे सांगणं माझं काम होतं. मला काहीही माहीत नव्हतं.

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणाले, "मी बघितलेलंच नाही. तीन आठवडे. नुसतं म्हणत होते."

ती म्हणाली, "माहीत आहे."

मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, तर तिनं हातानंच थांबवलं. "तुम्ही खरं बघता तेव्हा तुमचा श्वास पाठीला लागतो, वन्सं. तीन आठवडे लागला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"ते जुळतो जुळतो ऐकल्याशिवाय मला हा जिना चढता येत नव्हता." तिनं माझ्याकडे बघितलं. "खोटं असलं तरी."

मला आयुष्यात एवढी शरम कधी वाटली नव्हती. आणि शरमेनं माणसाचं तोंड एकतर बंद होतं, नाहीतर सुटतं. माझं सुटलं. मी सगळंच सांगून टाकलं, पाय दुखायचे ते, खिडकीबाहेर बघत आकडे मोजायचे ते, डबा उघडायचाही कंटाळा म्हणून वरचं एकच कार्ड घ्यायचे ते, आणि ते कार्ड डब्यात परत न ठेवता फळीवर टाकून द्यायचे तेही.

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तिच्या कामाच्या वेळी अनेकदा पाहिलेलं आहे. ते बघितलं की आपण बोलणं थांबवावं.

"कुठल्या फळीवर?" तिनं विचारलं.

"खिडकीच्या."

"किती वेळ?"

"किती वेळ म्हणजे, तिथंच असायचं. दिवसभर. दुसऱ्या दिवशी तेच उचलायचे. नंबरही कधी बघितला नाही."

आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत सात वाजता ऊन येतं आणि दुपारी बारापर्यंत त्या फळीवरून हलत नाही.

ती उठली. पर्समधून नऊ नंबरचं कार्ड काढलं. म्हणजे ते ती बरोबर घेऊन फिरत होती. दिव्याची पेटी लावली, तीन दिव्यांमधला दिवसाच्या उजेडाचा दिवा निवडला, आणि नखानं कार्डावरची ती कागदी पट्टी हळूहळू उचकटायला लागली. तुकड्याची वरची कड त्या पट्टीखाली दबलेली होती, हे मी मघाशी सांगितलंय. पट्टी निघाली. खाली नखभर रुंदीचा गडद तपकिरी पट्टा होता, आणि त्याच्या खालचा बाकीचा तुकडा फिकट. मधली रेघ इतकी स्वच्छ, की माझ्या टेबलावर आलं असतं तर मी मशीन थांबवलं असतं.

रंग उन्हात टिकतो का ते बघायला ते लोक नेमकं हेच करतात. अर्धा तुकडा झाकायचा, उन्हात ठेवायचा आणि मग झाकलेला भाग उघड्या भागाशी ताडून बघायचा. शेकडो वेळा तिनं ते केलंय. या तुकड्यांना तिनं हातात सापडेल तो रंग वापरला होता, ऊन न सोसणारा, कारण ती कार्डं डब्याच्या अंधारातच राहणार होती. उन्हानं कार्डाचा रंग उडाला होता. आणि रंग उडतात हे पंचवीस वर्षं माहीत असलेल्या बाईला भीतीपोटी एवढंही सुचलं नव्हतं, की दोन गोष्टी जुळेनाशा झाल्या तर त्यातली कुठली बदलली ते आधी बघावं. सगळी दुनिया तिला गडद दिसत होती, त्या राखाडी लॉटसकट.

पण हे अजून अर्धंच होतं. झाकलेली कड तिळाशी जुळते का, ते कळलेलं नव्हतं. तिनं दाराला कडी घातली, राखाडी कोट काढला, ब्लाउजची बटणं सोडली आणि दिव्याच्या पेटीकडे पाठ करून उभी राहिली. कार्ड तिनं मागे हात करून माझ्याकडे दिलं. म्हणाली, "आता बघा."

मी आधी तिच्या टेबलावरच्या राखाडी पाटीकडे मिनिटभर बघितलं, तीच करते तसं, डोळा कोरा करायला. मग वाकले. तीळ, त्याची वरची कड, खालची कड, मधला भाग. कार्डाची गडद पट्टी डावीकडून लावली, मग उजवीकडून, मग खालून. मला घाई करायची नव्हती, आणि घाई केली असती तरी तिला ती कळली असती. खोलीत दिव्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. मला चूक सापडली असती तर मी ती सांगणार होते, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

"जुळतो," मी म्हणाले.

तिचे खांदे खाली आले नाहीत. ती तशीच उभी राहिली आणि मग रडायला लागली. ऑपरेशनला, पट्टी सोडताना, टाळ्या वाजल्या तेव्हा, कधीही न रडलेली बाई त्या राखाडी पेटीसमोर ब्लाउजची बटणं लावता लावता रडत होती आणि बटणं चुकवत होती. मी ती सोडून पुन्हा नीट लावून दिली. मीही रडत होते. मग तिनं डोळे पुसले, टेबलावरचा राखाडी लॉटचा तुकडा उचलला, दिव्याखाली धरला आणि म्हणाली, मास्तरांना सांगा, बरोबर आहे, जाऊ द्या पुढे.

आता दुसरी कुणी असती तर तिथंच थांबली असती. जुळलं, सुटलो, चला. हिनं मला जिन्यावरून परत बोलावलं आणि सांगितलं, की कार्डापुरतं खरं कळलं, तिळाचं अजून नाही. तपासणीची तारीख यायची वाट न बघता ती दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली, मला आणि नवऱ्याला दोघांना घेऊन, बिस्किटाचा डबा मांडीवर ठेवून. डॉक्टरांनी भिंग लावून एकवीसच्या एकवीस बघितले. नऊ नंबर आहे तसाच होता, काही झालेलं नव्हतं. मग त्यांनी ती कार्डं बघितली आणि बाहेरून दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून आणलं. भाऊ त्या वेळी छाती फुगवून असा उभा होता, की वाटावं तुकडे यानंच रंगवलेत.

शिकाऊ डॉक्टर बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का. तिनं खरं सांगितलं, की नाही. मशीनचं सांगितलं, चिठ्ठ्यांचं सांगितलं. माझा भाऊ मशीनचं ऐकून खाली बघायला लागला, तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर म्हणाले, उपचार चालू असताना खंबीर असलेली पुष्कळ माणसं उपचार संपल्यावर अशी खचतात, यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ही भीती नुसत्या भिंगानं जात नाही. त्यांनी तिला त्याच मजल्यावरच्या एका बाईंकडे पाठवलं, ज्यांचं कामच ऐकून घेणं आहे. तिथं एकाआड एक बुधवारी असेच आजारातून उठलेले पाचसहा जण जमतात. एक छपरं घालणारा गडी आहे म्हणे, नाकावर टाके पडलेले, तो उन्हाच्या धाकानं खोलीतही टोपी काढत नाही. भावजयीनं त्याच्यासाठी टोपीचं कापड रंगवून नेलंय.

भीती गेली, असं मी म्हणणार नाही. ती अजून बोलता बोलता दंड बघते. तपासणीच्या आदल्या आठवड्यात तिचं जेवण कमी होतं आणि आम्ही त्यावर काही बोलत नाही. पण तिनं एकवीस तुकडे पुन्हा रंगवले, या वेळी ऊन सोसणाऱ्या रंगात, आणि नियम घातला, की बघायचं ते महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. मधे कितीही वाटलं तरी नाही. पहिला महिना तिनं डब्याला हात न लावता कसा काढला, ते मी पाहिलंय. डब्यापाशी यायची, उभी राहायची आणि परत जायची. ऑपरेशनपेक्षा मला त्याचंच जास्त कौतुक आहे. धीर कशाला म्हणतात, ते मी आमच्या न्हाणीघराच्या दारात शिकले.

मागच्या रविवारी आमचं बघणं संपलं. एकवीस जुळले. मला पाऊण तास लागला आणि पाठ भरून आली. मी डबा बंद करून निघाले, तर तिनं दार लावून घेतलं आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. म्हणाली, आता तुम्ही बसा.

मी म्हणाले, माझं काय बघायचंय. मी साठीला आलेली बाई, लग्न नाही, संसार नाही, माझ्या पाठीवर काय आहे ते मला आईनंतर कुणी सांगितलेलं नाही. तिनं टॉवेल माझ्या हातात दिला. मी बसले. टॉवेल पुढे धरला. पाठीला गार हवा लागली आणि मला एकदम लाज वाटली, लहान मुलीला वाटते तशी.

मग ती मागे उभी राहिली आणि गप्प झाली. मी वाट बघितली. खिडकीतून सपाट उजेड येत होता, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. एक बोट माझ्या खांद्यामागे टेकलं आणि तिथंच थांबलं. एका शब्दासाठी इतका जीव टांगणीला लागतो, हे मला माहीतच नव्हतं. तीन आठवडे, रोज सकाळी, हा शब्द मी तिला खिडकीबाहेर बघत फेकला होता.

"काय आहे?" मी विचारलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "बोल की काहीतरी."

तिचा श्वास माझ्या पाठीला लागला.

"घाई करू नका, वन्सं," ती म्हणाली. "बघतेय मी."